साठवून ठेवलेला आवाज

ढेकर द्यायला शिकवून पगार घेतलेली बाई आख्ख्या नगर जिल्ह्यात मी एकटीच. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, कागदावर मी तसंच लिहिते, पण जीभ जुन्या वळणाची आहे, आणि दुसऱ्यांच्या जिभांमागे धावण्यात नोकरीची सगळी वर्षं गेल्यामुळे स्वतःच्या जिभेला वळण लावायला सवड झाली नाही. दवाखान्यात माझ्या दारावर ‘वाचा-उपचारतज्ज्ञ’ अशी पाटी होती. ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. चौदा तालुक्यांतून माणसं यायची आणि खाली केसपेपरच्या खिडकीत विचारायची, “ढेकरवाल्या म्याडम कुठं बसत्यात?”

माझा ढेकर म्हणजे साधा नव्हे. एकदा पेशंटला प्रात्यक्षिक दाखवताना मी असा काही दिला, की खाली रस्त्यावरच्या रसवंतीचा बैल घुंगरं तोडून मार्केट यार्डाकडे उधळला. तिथं बैल नव्हता, इंजिन होतं, असं माझे यजमान सांगतात. पण ते त्या दिवशी तिथं नव्हते आणि मी होते.

आता हा धंदा काय, ते सांगते. आपल्या घशात दोन नळ्या असतात. एक अन्नाची, एक श्वासाची. श्वासाच्या नळीच्या तोंडावर स्वरयंत्र बसलेलं असतं. तिथं कॅन्सर झाला आणि तो वाढला, की सर्जन ते यंत्र अख्खं काढून टाकतात. मग श्वासाची नळी वळवून गळ्याशी बाहेर आणतात. गळ्याच्या खळग्यात एक भोक राहतं आणि माणूस जन्मभर तिथून श्वास घेतो. नाक उरतं ते चष्मा ठेवायला. भाकरी करपली तरी वास येत नाही. चहा गरम असला तर फुंकर मारता येत नाही. विहिरीत पोहायला उतरला तर गळ्यापर्यंतच्या पाण्यात बुडतो. आणि आवाज जातो. बसत नाही, घोगरा होत नाही, जातो. पण ओठ, जीभ, दात, टाळू सगळे जागेवर असतात. कारागीर कामावर हजर आणि माल येणं बंद, अशी अवस्था.

तो माल दुसरीकडून आणून द्यायचा हे माझं काम. त्याचे रस्ते तीन. एक बॅटरीचं यंत्र, दाढीच्या मशीनएवढं. ते गळ्याला टेकवायचं, ते गुणगुणतं, आणि त्या गुणगुणीवर ओठ-जीभ हलवून शब्द काढायचे. शेवगावला कांद्याचे लिलाव पुकारणारे एक गृहस्थ ते यंत्र घेऊन पुन्हा कामावर उभे राहिले. पहिल्या दिवशी बाजारातली सगळी कुत्री त्यांच्याभोवती बसली आणि व्यापारी इतके बावरले की भाव पडेचना. दुसरा रस्ता म्हणजे दोन नळ्यांच्या मध्ये बसवायचा छोटासा पडदा. त्यानं आवाज चांगला येतो, पण तो रोज साफ करावा लागतो, काही महिन्यांनी बदलावा लागतो, आणि एसटीला चार-चार तास लागतात अशा गावी राहणाऱ्याला ते झेपतंच असं नाही.

तिसरा रस्ता ढेकराचा. तोंडानं हवा आत घ्यायची, अन्ननळीच्या वरच्या टोकाशी अडवायची, पोटात जाऊ द्यायची नाही, आणि लगेच परत वर आणायची. येताना नळीचा गळा थरथरतो. ती थरथर म्हणजे नवा आवाज. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिला ‘पा’ निघायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन महिने. ‘प’, ‘त’, ‘क’ लवकर येतात. ‘ह’ बहुतेक येतच नाही, कारण तो निव्वळ श्वास असतो आणि श्वास आता तोंडातून जात नाही. माझ्याकडे हणमंतराव नावाचे एक पेशंट होते, त्यांनी शेवटी स्वतःची ओळख आडनावानंच करून द्यायचं ठरवलं.

राहुरीकडचे एक जण या आवाजात तरबेज झाले आणि मुलासाठी मुलगी बघायला गेले. पंगतीत त्यांनी म्हटलं, “अजून एक पोळी.” यजमानांना नुसता भरघोस ढेकर ऐकू आला. त्यांनी हात जोडून ताट उचललं. असं त्या घरी दोनदा झालं. माणूस उपाशी परत आला, पण सोयरीक जमली. मुलीचे वडील म्हणाले म्हणे, इतके तृप्त व्याही आम्ही पाहिले नाहीत.

अशा गोष्टी मी दिवाळी संपेपर्यंत सांगू शकते. त्यांत मीठमसाला किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. आता मात्र जे सांगणार आहे त्यात मी काही घातलेलं नाही. तिथं माझीच चूक आहे, आणि स्वतःच्या चुकीला फोडणी द्यायला मी अजून शिकले नाही.

गहिनीनाथ आण्णा खर्ड्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. कोरडवाहू जमीन, ज्वारी, थोडी तूर, दोन म्हशी. साठी ओलांडलेली. सोबत बायको कौसाबाई. ऑपरेशनच्या आधीच पेशंट माझ्याकडे पाठवायची आमच्याकडे पद्धत होती, म्हणजे पुढं काय होणार ते त्याला कुणीतरी नीट सांगतं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ठरलेलं होतं आणि ते दोघं माझ्यासमोर बसले तो मंगळवार होता.

मी ठरलेलं सगळं सांगितलं. भोक, श्वास, वास, फुंकर. आण्णा मान हलवत होते. त्यांचा आवाज तोपर्यंत पुरता बसलेला होता, सुकलेल्या कडब्यावरून चालल्यासारखा. मग मी म्हटलं, “गुरुवारनंतर हा आवाज नसणार. ज्याला जे सांगायचं राहिलंय ते या आठ दिवसांत सांगून घ्या. आणि आवाज जपून वापरा.”

हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला सांगायचे. आरडाओरडा करून घसा आणखी दुखवू नका, एवढाच अर्थ. शेवटच्या आवाजात माणसं काय बोलतात ते मी वर्षानुवर्षं ऐकत आले. तुम्हाला वाटेल, मोठं काही बोलत असतील. ऑपरेशन थिएटरच्या दारात एकानं बायकोला सांगितलं, “मोटर बंद केली का बघ.” एकानं सांगितलं, “शेळीला पाला टाक.” मी मोबाईलवर त्यांचा आवाज भरून ठेवायचे, घरच्यांसाठी. तसा आण्णांसमोरही मोबाईल धरला. त्यांनी हातानंच थोपवलं.

“आत्ता नगं,” ते म्हणाले. “शेवटाला.”

माझ्याशी त्या आवाजात ते एवढंच बोलले.

कौसाबाई मात्र जाता जाता दारात थांबल्या. “म्याडम, ह्यांचा आवाज तुमी ऐकलाच न्हाई. ह्यो काय आवाज हाय व्हय. ह्यांची हाळी म्हंजी पार वड्याच्या पल्याड जायाची.”

हाळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोकळ्या शिवारात लांबच्या माणसाला बोलवायला पोटातून लांबवत मारलेली हाक म्हणजे हाळी. मोबाईल आले तरी जिथं रेंज नाही तिथं ती अजून चालते. आण्णा दुपारी बांधावर उभे राहून लेकीला जेवायला हाळी द्यायचे. कौसाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ती एकदा सुटली की शेजारच्या तीन वस्त्यांवरची माणसंही हात धुऊन भाकरीला बसायची. बाईंच्या या एका वाक्यावरून मला कळलं, की अतिशयोक्तीत मी जिल्ह्यात पहिली नाही.

पुढच्या मंगळवारी आण्णा भरती झाले. मी वॉर्डात गेले तर ते पाटीवर खडूनं खुणा करून बोलत होते. पाणी हवं तर तांब्याचं चित्र. मी कौतुक केलं. “पाहा, ह्यांनी ऐकलं माझं. आठ दिवस तोंड उघडलं नाही. असा पेशंट पाहिजे.” वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी हे म्हटलं, आणि आण्णा जरासे हसले.

बुधवारी शेवगावला आमचं तपासणी शिबिर होतं. मी तिकडे गेले.

गुरुवारी सकाळी ऑपरेशनच्या आधी भेटावं म्हणून लवकर आले, तर आण्णांच्या खाटेवर दुसराच माणूस. ऑपरेशन बुधवारीच होऊन गेलेलं. बुधवारच्या यादीतल्या एकाला ताप भरला, थिएटर रिकामं राहिलं, सह्या-तपासण्या झालेल्याच होत्या, म्हणून यांना आधी घेतलं. दवाखान्यात असं होतं, त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. कौसाबाई त्या वेळी चहा आणायला खाली गेल्या होत्या. ट्रॉली आली. त्याआधी चार वेळा ट्रॉली आली होती आणि चारही वेळा कसल्या ना कसल्या तपासणीला नेऊन परत आणलं होतं. आण्णा गुमान चढले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, की मास्क लावताना त्यांनी हात झटकला आणि काहीतरी बोलले. मास्कच्या आत. सगळेच घाबरून काही ना काही बोलतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

कौसाबाई वॉर्डाच्या जिन्यात बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

सहा वर्षांपूर्वी आण्णांनी लेकीची, कविताची, सोयरीक शेवगावला जमवली. सुपारी फुटली. आणि लेकीनं पुणतांब्याच्या एका मुलाशी कोर्टात लग्न केलं. दोघं मोटरसायकलवर पेढे घेऊन वस्तीकडे आले. ज्वारीची काढणी चालू होती, शिवार माणसांनी भरलेलं. आण्णा बांधावरून खाली उतरलेच नाहीत. तिथूनच, जेवायला बोलवायची तीच हाळी लांबवून म्हणाले, “आमची कविता मेली.” सगळ्या शिवारानं विळे थांबवले. पोरगी रस्त्यावरूनच परत फिरली. त्यानंतर आली नाही.

“तुमी म्हनला ना, सांगायचं राहिलेलं सांगा म्हनून,” कौसाबाई म्हणाल्या. “त्या रातीच मला म्हनले, तिला बुधवारी संध्याकाळी बोलव. तवर मी बोलत न्हाई. म्या म्हनलं, का. तर म्हनले, हिरीचं कसं अस्तंय. उपसा बंद ठिवला की चार दिसांनी पानी वर येतं. आठ दिस उपसा बंद ठिवतो. मंग एक हाळी तरी निघंल.”

 

आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातला माणूसच हा हिशोब मांडू शकतो. विहीर तळाला गेली की तो उपसा थांबवतो, रोज सकाळी वाकून बघतो, हातभर पाणी वर आलं की मोटर लावतो. त्याला कुणीतरी सांगितलं, आवाज जपून वापरा. त्यानं आवाजाची विहीर केली. आणि ज्या दिवशी मोटर लावायची त्या दिवशी सकाळी विहीरच बुजवली गेली. सांगणारी मी. शाबासकी देणारीही मी. मी त्या आठ दिवसांत एकदा जरी विचारलं असतं, आण्णा, कुणाला काय सांगायचंय, तर.

कविता जिन्याच्या खालच्या पायरीवर होती. तिशीला टेकलेली, मांडीवर डबा. ती बुधवारी संध्याकाळी आली, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. गुरुवारी सकाळी तिला पाच मिनिटं आत सोडलं होतं.

“आण्णा मला बघून भिंतीकडं वळले,” ती म्हणाली.

मी सांगायला लागले, की ऑपरेशननंतर बोलता येत नाही, नाकात नळी असते, मान वळवणंसुद्धा...

“बोलता येत न्हाई ते कळतंय मला, म्याडम. पन बघता तर येतं ना.”

मी तिला सांगायला हवं होतं, की साठवलेलं वाया गेलं म्हणून त्यांना तोंड दाखवता आलं नाही. मला ते खात्रीनं माहीत नव्हतं, आणि ज्याचं त्यानं सांगायचं ते आपण सांगू नये असाही एक शहाणपणा मला तेव्हा सुचला. कविता दुपारच्या गाडीनं गेली. डबा मात्र ठेवून गेली. नाकात नळी असलेल्या माणसाला डबा.

महिना-दीड महिन्यानं, जखम भरल्यावर, आण्णा दर मंगळवारी माझ्याकडे यायला लागले. बॅटरीचं यंत्र त्यांनी एकदाच गळ्याला लावलं, खाली ठेवलं आणि रुमालानं झाकलं. पडद्याला त्यांनी आणि कौसाबाईंनी, दोघांनी मिळून, नाही म्हटलं. राहिला ढेकर.

आणि या माणसाला ढेकर येईना. दोन महिने. मी त्यांच्यासमोर बसून इतके ढेकर दिले की घरी मला जेवताना यजमान लांब बसवायचे. कौसाबाईंची मात्र चंगळ होती. आण्णा नुसते ओठ हलवायचे आणि त्या अर्थ सांगायच्या.

“ते म्हनत्यात, म्हस इकू नगं म्हनलं तरी कौसीचंच खरं हुतं.”

आण्णा जोरात मान हलवून नाही म्हणायचे.

“चाळीस वर्सं ह्यांनी बोलायचं न् म्या ऐकायचं,” कौसाबाई पदर सावरत म्हणायच्या. “आता जरा उलटं झालं तर काय बिघडलं.” आणि मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “पन दुपारी भाकरीला बसलं की कान तिकडं बांधाकडंच अस्तोय. सवय हाय.”

तिसऱ्या महिन्यात ‘पा’ निघाला. मग ‘ता’, ‘का’. मग ‘ताक’, ‘पाट’, ‘टाक’. प्रत्येक पेशंटला मी त्याचे स्वतःचे चार शब्द निवडायला सांगते, तेच घोटायचे. पारनेरच्या एकानं चारही शिव्या निवडल्या होत्या आणि त्याची प्रगती सगळ्यांत झपाट्यानं झाली. आण्णांनी पाटीवर लिहिलं. अक्षर शाळा सोडलेल्या वयाचं. ‘कविता घरी ये’. मी म्हटलं, हे तीनच झाले. त्यांनी पाटी पुसली नाही. चौथा नव्हताच.

नशीब त्यांचं, पोरीचं नाव ‘क’नं सुरू होत होतं. पाचव्या महिन्यात ते तीन शब्द सलग आले. जाडसर, खालच्या पट्टीतला, पण स्वच्छ आवाज. मी टाळ्या पिटल्या. शेजारच्या खोलीतल्या कानाच्या डॉक्टरांनी येऊन दार लावून घेतलं.

आण्णा म्हणाले, “आता... मोटं.”

म्हणजे मोठ्यानं. मग त्यांनी पाटीवर बांध काढला, त्यावर एक रेघ उभी केली, ते स्वतः. खाली रस्ता काढला, त्यावर दुसरी रेघ. जे चारचौघांत बांधावरून ओरडून बोलले ते चारचौघांत बांधावरूनच ओरडून मागं घ्यायचं होतं. मी मोबाईलचं नाव काढलं. त्यांनी डोळे मिटले. मी गावच्या सप्ताहातल्या माईकचंही सुचवलं. त्यांनी पाटी उलटी करून ठेवली.

आता इथं आमच्या धंद्याचं एक खरं सांगायला हवं, जे मी भाषणांत कधी सांगितलं नाही. आम्ही बोलणं परत देतो. ओरडणं परत देता येत नाही. ढेकराच्या आवाजाला मागून छातीचं बळ नसतं, तोंडभर हवेचं असतं. तो खाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, फार तर खोलीच्या दारापर्यंत. वाढवता येत नाही. हे मी त्यांना नुसतं सांगू शकले असते. त्यांचा विश्वास बसला नसता, मला खात्री आहे, कारण मी इतर बाबतीत काय काय सांगते ते त्यांनी ऐकलं होतं.

म्हणून मी त्यांना व्हरांड्यात नेलं. दुपारची वेळ, ओपीडी संपलेली. लांबलचक व्हरांडा, शहाबादी फरशा. त्यांना एका टोकाला उभं केलं आणि म्हटलं, तेच तीन शब्द म्हणत राहा. मी पाठीमागं चालत निघाले, त्यांच्याकडे तोंड करून. तिसऱ्या फरशीवर स्वच्छ ऐकू आलं. पाचव्या फरशीवर आलं. आठव्यावर ‘कविता’ आलं, पुढचं नाही. दहाव्या फरशीवर मला फक्त त्यांचे ओठ दिसत होते. ते म्हणत होते. गळ्याच्या भोकावरचा रुमाल हलत होता. माझ्याकडे बघत होते, आता ऐकू येतंय का.

मी जन्मभर थापा मारल्या आहेत. बैल उधळवले आहेत. नुसती मान हलवायची होती, हो म्हणून. दहाव्या फरशीवर उभी राहून मी मान हलवली, पण ती आडवी हलली. ते तरी म्हणत राहिले. बाराव्या फरशीला मी थांबले, कारण पुढं जायचं काही कारणच उरलं नव्हतं. ती हाळी मी कधी ऐकली नाही. पण त्या दुपारी, त्या मुक्या व्हरांड्यात, ती किती मोठी असेल ते मला कळलं.

पुढचे तीन मंगळवार ते आले नाहीत. मी चार वेळा फोन लावला. कौसाबाई म्हणायच्या, “रानात हायेत.” दिवसभर ज्वारीत बसून असायचे. पाखरं राखायला पूर्वी आवाज दिला की थवा उठायचा, आता पत्र्याचा डबा वाजवायचे.

चौथ्या मंगळवारी आले. एकटे. धुतलेलं धोतर, कोरी टोपी, हातात पिशवी. खुर्चीवर बसले नाहीत.

“पुन-तांबा,” म्हणाले.

मला वाटलं, नवा शब्द घोटायला आणलाय. मी म्हटलं, छान जमला.

त्यांनी मान हलवली. हवा घेतली. एकेका शब्दाला थांबत म्हणाले, “आवाज... तितवर... जात नाई. मी... जातो.”

मी उभी राहिले.

“तुमी... चला.”

“आणि कौसाबाई?”

“ती नगं,” आण्णा म्हणाले. “ती... बोलंल.”

मी तिथल्या तिथं रजेचा अर्ज लिहिला. त्यात कारण ‘कौटुंबिक’ असं लिहिलं, आणि ती थाप नव्हती. माळीवाडा स्टँडवरून गाडी पकडली, श्रीरामपुरात बदलली. कंडक्टर आला तेव्हा मी पर्समध्ये हात घातला, तर आण्णांनी मला अडवलं आणि स्वतः म्हणाले, “पुनतांबा. दोन.” कंडक्टरनं त्यांच्या गळ्यातल्या रुमालाकडे बघितलं. “घसा धरलाय का बाबा? हळद-दूध घ्या,” म्हणाला आणि तिकिटं फाडून दिली. आण्णांनी ती दोन तिकिटं घडी करून टोपीत ठेवली. अनोळखी माणसाला त्यांचं बोलणं पहिल्यांदाच कळलं होतं. त्याला वाटलं, साधा घसा धरलाय.

घर गावाच्या नदीकडच्या अंगाला. ओटीवर कविताची सासू गहू निवडत होती. नवरा कामावर गेलेला. शेजारी पिठाची गिरणी धडधडत होती. कविता दारात आली, बापाला बघितलं आणि तशीच उभी राहिली.

“या,” सासू म्हणाल्या. मग कविताला, “अगं, पाणी दे.”

तिनं पाणी दिलं आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. ओटीवरच्या खाटेवर आण्णा बसले. मी सासूबाईंजवळ गव्हाच्या सुपाशी, चांगली आठ-दहा हातांवर. आण्णांनी हवा घेतली आणि म्हणाले. गिरणीच्या धडधडीत मलाच ऐकू आलं नाही.

“काय?” कविता म्हणाली. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, की हा आवाज लहान असतो. ती वाट बघत होती. बापाकडून ऐकायचं ते लांबूनच ऐकायची तिला सवय.

आण्णांनी खाटेवर हात थोपटला. इकडे ये.

ती आली. खाटेवर नाही, खाली जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्याशी. मला नंतर जाणवलं, की आख्ख्या आयुष्यात हा माणूस कुणाशी इतक्या जवळून बोलला नसावा. बांधावरून सगळं होत असताना जवळ यायची गरजच काय होती.

तेवढ्यात लाईट गेली. गिरणी घरघरत बंद पडली आणि सगळी आळी एकदम गप्प झाली.

“कविता,” आण्णा म्हणाले. “मेली... मनलो. चुकलं. घरी... ये.”

स्वच्छ आलं. पाचव्या महिन्यात आलं नव्हतं इतकं स्वच्छ. मला ऐकू आलं. माझ्या शेजारच्या सासूबाईंना कानानं कमी येत होतं, त्यांनाही आलं. त्यांचा सुपातला हात थांबला.

कवितानं वर बघितलं नाही. बापाच्या धोतराची निरी चिमटीत धरून म्हणाली, “ऐकू न्हाई आलं, आण्णा.”

त्यांनी हवा घेतली. पुन्हा म्हणाले. तेच सगळं, त्याच क्रमानं.

“परत,” ती म्हणाली. “न्हाई आलं.”

ते पुन्हा म्हणाले. चौथ्यांदा ‘चुकलं’ला आवाज फाटला आणि त्यांनी तो शब्द वेगळा करून परत म्हटला.

या आवाजात तीन-चार वाक्यांनंतर थांबवायचं असतं. पोटात हवा भरते, छाती जड होते, पेशंट दमतो, दुसऱ्या दिवशी आवाज येत नाही. मी ते शिकवलेलं आहे, पुष्कळांना, दरडावून. त्या ओटीवर थांबवायला अधिकाराचं माणूस मी एकटी होते.

“अजून एकदा, आण्णा,” कविता म्हणाली.

मी सासूबाईंच्या सुपातला एकेक खडा वेचत बसले.